द्राक्षातलं व्हिटॅमिन सी जातं कुठं?

दिंडोरीकडच्या एका विद्यार्थ्याने, बीएस्सी ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, असं विचारलंय: व्हिटॅमिन सी शिवाय फोटोसिंथेसिस नीट चालत नाही असं वाचलं, मग आमची थॉमसनची (बिनबियांच्या द्राक्षाची जात) बाग एवढी जोमात असताना मण्यात व्हिटॅमिन सी जवळपास नसतंच असं का? कॉलेजच्या लॅबमध्ये रस काढून टायट्रेशन केलं तर काहीच हाती लागलं नाही, बांधावरच्या पेरूत मात्र भरपूर आलं. द्राक्षाची वेल ते बनवतच नाही का? जीन बदलून वाढवता येईल का? आणि कृषी सेवा केंद्रवाले म्हणतात एस्कॉर्बिक ॲसिड फवारा, गोडी वाढते, तर मारू का?

प्रश्न मनापासून आवडला, कारण आपल्या नाशिकच्या पिकाचं अख्खं गणित यात आहे. वनस्पतींची शरीरक्रिया हा माझा विषय, शिकवायचा पण आणि बागेत फिरून बघायचा पण, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण नीट वाच.

आधी सरळ उत्तर. द्राक्षाची वेल व्हिटॅमिन सी बनवते, आणि थोडंथोडकं नाही, भरपूर बनवते. फक्त कोवळ्या हिरव्या मण्यात बनलेलं बरंचसं व्हिटॅमिन सी ती साठवून ठेवतच नाही, त्याचा रेणू मोडते आणि त्यातून टार्टारिक ॲसिड करते. द्राक्षाला जी आंबट धार असते, जिच्याशिवाय वाइन बनतच नाही आणि द्राक्षाचा रस फ्रिजमध्ये ठेवला की बाटलीच्या तळाशी जे खडे बसतात, ते सगळं टार्टारिक. म्हणजे तू जे शोधत होतास ते मण्यात आहे, पण दुसऱ्या रूपात आहे आणि तुझं टायट्रेशन ते रूप पकडत नाही.

यावर काम बरंच जुनं आहे. रेडिओॲक्टिव्ह कार्बन लावलेलं व्हिटॅमिन सी द्राक्षाला देऊन तो कार्बन कुठे जातो हे बघायचे प्रयोग गेल्या शतकातच झाले आणि तो टार्टारिकमध्ये सापडला. पण कोणतं एन्झाइम हे करतं ते कळायला २००६ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या गटाने एल-आयडोनेट डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम आणि त्याचा जीन शोधून काढला. व्हिटॅमिन सी मध्ये सहा कार्बन असतात, दोन-तीन पायऱ्या उतरून त्याचं आयडोनेट होतं, मग हे एन्झाइम काम करतं, आणि शेवटी सहा कार्बनची साखळी तुटून चार कार्बनचं टार्टारिक आणि दोन कार्बनचा तुकडा वेगळा होतो. याच गटाला द्राक्षाच्याच कुळातली एक वेल सापडली जिच्यात टार्टारिक बनतच नाही, आणि तिच्यात हा जीन पण नव्हता, आणि व्हिटॅमिन सी मात्र जास्त होतं. यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणं अवघड. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून दर बॅचला हेच उदाहरण देते.

आता आकडा मांडून बघ म्हणजे पटेल. खायच्या द्राक्षात व्हिटॅमिन सी १०० ग्रॅमला ३-४ मिलिग्रॅम, पेरूत २०० च्या पुढे. आता समज द्राक्षाच्या एक लिटर रसात ५ ग्रॅम टार्टारिक आहे, जे अगदी साधारण प्रमाण झालं. टार्टारिकचा रेणूभार १५०, व्हिटॅमिन सी चा १७६, आणि एका रेणूपासून एकच रेणू बनतो. म्हणजे ५ ग्रॅम टार्टारिकसाठी जवळपास ५.९ ग्रॅम व्हिटॅमिन सी खर्ची पडलं, १०० मिलिलिटरला ५९० मिलिग्रॅमच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, आणि एवढं व्हिटॅमिन सी कोणत्याही एका दिवशी मण्यात एकत्र नसतं, येतं तसं जातं, पण पूर्ण हंगामाचा विचार केला तर तुझ्या मण्याने पेरूपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी बनवून संपवलेलं असतं. म्हणून "द्राक्षात व्हिटॅमिन सी नाही" हे वाक्य खाणाऱ्यासाठी बरोबर आहे, वेलीबद्दल बोलताना चुकीचं आहे.

हे सगळं घडतं ते मुख्यतः मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायच्या आधी. मणी ज्वारीएवढा, मग हरभऱ्याएवढा, हिरवा आणि कडक असतो तेव्हा टार्टारिक भराभर साठतं. पाणी उतरलं की नवीन टार्टारिक बनणं जवळपास थांबतं, आहे तेवढंच राहतं आणि मणी फुगत जातो तसं पातळ होतं, आणि गंमत म्हणजे व्हिटॅमिन सी चं मोडणं कमी झाल्यामुळे पिकत्या मण्यात ते थोडं साठायला पण लागतं. दुसरं आम्ल म्हणजे मॅलिक, त्याचं तसं नाही, ते वेल श्वसनात जाळते आणि गरमीत जास्त जाळते, म्हणून जानेवारीत काढलेल्या मालाची आंबटगोड चव आणि मार्चच्या उन्हातल्या मालाची चव यात फरक पडतो, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, तेवढाच असला तरी. नुसता रिफ्रॅक्टोमीटर बघून माल तोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं, कारण गिऱ्हाईकाच्या जिभेला साखर एकटी कळत नाही, आम्लाबरोबर कळते.

आता पानाकडे ये, कारण तुझ्या प्रश्नाचा पहिला भाग तिथे आहे. "व्हिटॅमिन सी शिवाय फोटोसिंथेसिस होत नाही" हे जरा सैल वाक्य आहे. व्हिटॅमिन सी काही सूर्यप्रकाश पकडत नाही आणि कार्बन डायऑक्साइडची साखर पण करत नाही. ते पानाला उन्हापासून वाचवतं. द्राक्षाच्या पानाला पूर्ण उन्हाचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा मिळाला की त्याचं फोटोसिंथेसिस भरून जातं, वरचा प्रकाश त्याला वापरता येत नाही. पण क्लोरोफिल तर प्रकाश शोषतच राहतं. गंगापूर धरण भरलं की जसा गोदावरीत विसर्ग करावाच लागतो तशी ही जादा ऊर्जा पानाला कुठेतरी सोडावी लागते, नाहीतर ती ऑक्सिजनवर जाते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असले पदार्थ तयार होतात जे क्लोरोप्लास्टच, म्हणजे पेशीतला फोटोसिंथेसिस करणारा हिरवा भागच जाळतात.

इथे व्हिटॅमिन सी दोन कामं करतं. एक, पेरॉक्साइडचं पाणी करतं, एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने, आणि हे महत्त्वाचं अशासाठी की पेरॉक्साइड मोडणारं दुसरं मोठं एन्झाइम, कॅटलेज, ते क्लोरोप्लास्टमध्ये नसतंच. आणि हे पेरॉक्सिडेज इतकं नाजूक की व्हिटॅमिन सी संपलं तर ते स्वतःच काही क्षणांत निकामी होतं. दोन, पानातल्या व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचं झियाझँथिन करायला व्हिटॅमिन सी लागतं, आणि झियाझँथिन तयार झालं की जादा ऊर्जा उष्णता म्हणून निघून जाते. वापरलेलं व्हिटॅमिन सी पान परत ताजं करून घेतं, ग्लुटाथायोन वगैरेंच्या साखळीने, म्हणून पानात ते संपत नाही, फिरत राहतं. हिरव्या पालेभाज्यांत, शेवग्याच्या पाल्यात, कोथिंबिरीत व्हिटॅमिन सी भरपूर असतं ते याचमुळे. ते त्या पानाचं स्वतःचं कामाचं सामान आहे, आपल्या शरीरात ते बनवायच्या शेवटच्या पायरीचा जीनच निकामी झालाय म्हणून आपण ते खाऊन मिळवतो एवढंच.

किती व्हिटॅमिन सी लागतं याचं उत्तर ॲराबिडॉप्सिस नावाच्या छोट्या प्रयोगाच्या झाडात मिळालंय. ज्या म्युटंटमध्ये, म्हणजे जीन बिघडलेल्या झाडांत, ते चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यावर आलं ती झाडं साध्या प्रकाशात बऱ्यापैकी वाढतात, पण ओझोन किंवा कडक प्रकाश आला की लवकर खराब होतात. मात्र २००७ मध्ये व्हिटॅमिन सी बनवायच्या एका मुख्य पायरीचे दोन्ही जीन बंद केलेली रोपं तयार केली तर ती उगवल्यावर वाढायचीच थांबली, बाहेरून व्हिटॅमिन सी दिलं तेव्हा वाढली. म्हणजे थोडं कमी चालतं, अजिबात नाही हे चालत नाही.

आपल्याकडे हे कधी दिसतं तर डिसेंबर-जानेवारीत. निफाडला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, सकाळी आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, आणि थंडीमुळे साखर बनवणारी एन्झाइम मंद. म्हणजे प्रकाश पूर्ण येतोय आणि वापर जवळजवळ बंद. हाच काळ पानावर सगळ्यात ताणाचा. लोकांना वाटतं स्ट्रेस म्हणजे एप्रिल-मेचं ऊन, तेही आहेच, ३५ अंशांच्या वर फोटोसिंथेसिस घसरतं आणि पान फोटोरेस्पिरेशनमध्ये मिळवलेला कार्बन घालवतं, पण थंडीतल्या उन्हाकडे कोणी बघत नाही. त्याच दिवसांत थॉमसनमध्ये पिंक बेरी येते, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडतात, म्हणून लोक घडांना पेपर लावतात, घडाची काळजी घेतात आणि पानाची विसरतात.

आता जीन. वनस्पतीत व्हिटॅमिन सी कसं बनतं हा मार्ग १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या स्मिर्नॉफ आणि व्हीलर यांच्या गटाने दाखवला, मॅनोज साखरेपासून गॅलॅक्टोज करत करत शेवटची पायरी मायटोकाँड्रियात. त्यात सगळ्यात महत्त्वाची पायरी जीजीपी नावाच्या एन्झाइमची, त्याचा शोध २००७ मधला. बाकीच्या पायऱ्या वाढवल्या तर फारसं काही होत नाही, ही वाढवली की व्हिटॅमिन सी वाढतं. उन्हात पानातलं व्हिटॅमिन सी वाढतं आणि सावलीत उतरतं, तेही बरंचसं याच पायरीतून. टोमॅटोच्या म्युटंटवर फ्रान्समध्ये काम झालं, २०२३ मध्ये छापून आलं, त्यात असं दिसलं की एक प्रोटीन जीजीपीला धरून ठेवतं आणि निळा प्रकाश पडला की सोडतं. म्हणजे झाड प्रकाश बघून ठरवतं किती बनवायचं. मला हे फार सुंदर वाटतं.

अजून एक ब्रेक आहे. जीजीपीच्या जीनच्या अगदी पुढे एक छोटा तुकडा असतो, पेशीत व्हिटॅमिन सी जास्त झालं की प्रोटीन बनवणारी यंत्रणा त्या तुकड्यावरच अडकते आणि मुख्य प्रोटीन बनत नाही. चीनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये लेट्यूसमध्ये क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापायच्या तंत्राने, हा तुकडाच बिघडवला तर व्हिटॅमिन सी साधारण १५० टक्क्यांनी वाढलं. बाहेरचा जीन घातला नाही, फक्त ब्रेक काढला. मग सगळ्यांना वाटलं आता प्रत्येक फळात करून टाकू. पण न्यूझीलंडच्या गटाने २०१२ मध्ये टोमॅटोत जीजीपी जोरात चालवून बघितलं होतं, व्हिटॅमिन सी ३ ते ६ पट झालं, पण ज्या फळांत जास्त वाढलं त्यांत बिया नाहीत आणि बियांभोवतीचा बुळबुळीत गर पण नाही. झाडाने जी पातळी धरून ठेवलेली असते तिला कारण असतं, ती पाहिजे तशी ओढता येत नाही.

द्राक्षात तर याहून अवघड. समजा तू जीजीपीचा ब्रेक काढलास, जास्तीचं व्हिटॅमिन सी बनलं, तरी कोवळा मणी ते टार्टारिककडेच वळवू शकतो, म्हणजे हातात येईल जास्त आंबट द्राक्ष. आणि टार्टारिकचा रस्ता बंद केलास तर व्हिटॅमिन सी कदाचित वाढेल, पण मग चव गेली, टिकाऊपणा गेला, वाइनवाल्यांसाठी तर तो माल कामाचाच नाही. मला विचारशील तर व्हिटॅमिन सी साठी द्राक्ष बदलायची गरज नाही, पेरू आहे, आवळा आहे, हिरवी मिरची आहे. हेच डोकं टोमॅटोत लावायला मात्र खूप वाव आहे, पिंपळगाव आणि गिरणारेच्या मार्केटला जो टोमॅटो येतो तो पट्टाच आपला. टोमॅटोत एक मोठा धडा २०१२ मध्ये मिळालाय: एकसारखे पिकणारे टोमॅटो हवेत म्हणून ब्रीडरनी पिढ्यान्‌पिढ्या जी म्युटेशन निवडली तिच्यामुळे कच्च्या फळाचा देठाजवळचा गडद हिरवा रंग गेला, आणि तो रंग देणारा जीएलके२ हा जीन फळातलं क्लोरोप्लास्ट घडवणारा निघाला. रंगाबरोबर फळाचं स्वतःचं फोटोसिंथेसिस कमी झालं आणि थोडी साखर पण गेली. दिसायला चांगलं म्हणून निवडलं आणि चव गेली.

द्राक्षाच्या जेनेटिक्सबद्दल थोडक्यात, कारण तू पुढे ब्रीडिंग घेणार असं लिहिलंयस. द्राक्षाचा जीनोम २००७ मध्ये वाचला गेला, १९ जोड्या क्रोमोझोम. पांढरं द्राक्ष मुळात काळ्यापासून आलं, रंगाच्या जीनमध्ये एक उडी मारणारा डीएनएचा तुकडा येऊन बसला आणि जीन बंद पडला. थॉमसनसारख्या जातींतलं बी नसणं हे एजीएल११ या जीनमधल्या एका अक्षराच्या बदलाशी जोडलेलं आहे. तास-ए-गणेश ही थॉमसनमधूनच शेतकऱ्याच्या नजरेने निवडलेली जात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात जेनेटिक्स बागेत पण झालंय, लॅबमध्येच नाही. पण क्रॉस करायचा तर दोन्ही बाजूंना बी नाही म्हणून एम्ब्रियो रेस्क्यू करावा लागतो, म्हणजे कोवळा गर्भ काढून लॅबमध्ये वाढवावा लागतो, आणि बियांपासून आलेलं रोप आईबापासारखं निघत नाही, म्हणून कलमं. जीन एडिटिंगला आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचा डीएनए नसलेल्या पिकांसाठी नियम सैल केले आणि २०२५ मध्ये भाताच्या दोन एडिट केलेल्या जाती जाहीर झाल्या. द्राक्षात अडचण नियमांपेक्षा टिश्यू कल्चरची आहे, एका पेशीतून पूर्ण वेल उभी करणं अजून कटकटीचं आहे. तिथे काम करणारी माणसं हवी आहेत, तू जा.

फवारणीचं. मारू नको. एस्कॉर्बिक ॲसिड टाकीत टाकल्यापासूनच हवेतल्या ऑक्सिजनने खराब व्हायला लागतं, पाणी अल्कलाइन असेल तर आणखी पटकन, आणि आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी तसंच. त्यात तांबं असेल तर संपलंच, तांब्याचे आयन हे ऑक्सिडेशन वेगाने करतात, आणि डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो किंवा कॉपरचं औषध मारलेलं नाही अशी बाग सापडणं मुश्कील. पानावर पडलेलं मेणाच्या थरातून आत फार कमी जातं, आणि आत गेल्या गेल्या पेशीच्या भिंतीत एस्कॉर्बेट ऑक्सिडेज बसलेलंच आहे. कुंडीतल्या रोपांवर ताण देऊन केलेल्या प्रयोगांत काही फायदा दिसलेला आहे हे खरं, पण त्यावरून एकराच्या बागेत गोडी वाढते असं म्हणता येत नाही. गोडी ही साखर आहे आणि साखर पानातून येते.

म्हणून पैसे पानावर लाव. एक ग्रॅम फळामागे साधारण ८ ते १२ चौरस सेंटिमीटर पान लागतं. ३०० ग्रॅमचा घड धरलास तर ३००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पानाच्या आकाराप्रमाणे १५ ते २० निरोगी पानं, एकमेकांवर न पडलेली. बगलफूट वेळेवर काढली नाही तर आतली पानं सावलीत जातात, पिवळी पडतात आणि मिळवण्यापेक्षा खातात जास्त. आणि गोडी (ऑक्टोबरच्या सुमाराच्या) छाटणीनंतरच्या घडाची सुरुवात खरड (एप्रिलच्या सुमाराच्या) छाटणीनंतरच्या काडीत झालेली असते, त्या वेळी डोळ्यावर प्रकाश पडला नाही तर पुढे घड कमी निघतात, हे तर तुझ्या वडिलांना तुझ्या पुस्तकापेक्षा चांगलं माहीत असेल, विचार त्यांना. प्लास्टिक आच्छादन टाकणार असाल तर खाली प्रकाश किती उरतो ते मीटर लावून मोज, पाऊस वाचवताना ऊन गेलं असं व्हायला नको.

आणि तुझं टायट्रेशन. तुला शून्य आलं त्यात नवल नाही, आधीच कमी असतं आणि मणी चिरडला की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज सुरू होतं, रस तपकिरी व्हायला लागतो आणि आहे तेवढं व्हिटॅमिन सी काही मिनिटांत खर्ची पडतं. मणी थेट गार केलेल्या ३ टक्के मेटाफॉस्फोरिक ॲसिडमध्येच वाटायचा, आधी रस काढून मग ॲसिड असं नाही. टायट्रेशनमध्ये वापरतात ती रंगाची डाय फक्त न झिजलेलं व्हिटॅमिन सी पकडते, ऑक्सिडाइझ झालेलं पकडत नाही. काळ्या जाती घेऊ नको, सालीच्या रंगात गुलाबी एंड पॉइंट दिसणार नाही, थॉमसनच ठीक.

प्रोजेक्टच करायचा असेल तर पिकलेला मणी सोड. एकाच वेलीवरचं उन्हातलं पान आणि सावलीतलं पान घे, सकाळी लवकर आणि दुपारी, थंडीच्या दिवसांत. त्याबरोबर हिरवा मणी पाणी उतरायच्या आधी दोनदा आणि उतरल्यावर दोनदा. प्रत्येक वेळी व्हिटॅमिन सी आणि टार्टारिक दोन्ही मोज, कॉस्टिकने आलेली एकूण ॲसिडिटी म्हणजे टार्टारिक नाही, त्यात मॅलिक पण असतं, म्हणून मेटाव्हॅनडेटची रंगाची पद्धत वापर किंवा कुठे एचपीएलसी (द्रवातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळतंय का बघ. पान तोडल्याबरोबर बर्फात घालायचं, पिशवीत टाकून कॉलेजला नेलंस तर वाटेतच आकडा बदलतो. तुमच्या प्लॉटची गोडी छाटणी कधी झाली ती तारीख कळव, साधारण ८० ते ९० दिवसांनी पाणी उतरतं, त्यावरून मणी कधी कधी घ्यायचे ते आपण ठरवू.